लहान मोटार : कालची आणि आजची

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, या शहराच्या जुन्या वस्तींत गुलमंडी नांवाची पेठ आहे. नांवावरून फुलांचा बाजार असा अर्थ निघतो. परंतु आज तेथें फुलांपेक्षां कापडचोपड, भांडींकुंडीं, बांगड्या आणि लग्नसराईचें सामान यांचीच घेवदेव अधिक चालते. पैठण दरवाजाकडून टिळक पथानें येणारा माणूस या चौकांत पोहोंचतो, आणि सुपारी हनुमानाचें देऊळ, रंगार गल्ली, मछली खडक, सिटी चौक हीं सारीं ठिकाणें तेथून हांकेच्या अंतरावर आहेत. १६१० सालीं मलिक अंबरानें येथें खडकी हें नगर वसविलें, तेव्हां रस्त्यावरून जाणारें वाहन म्हणजे घोडा, मेणा किंवा बैलगाडी. त्यास चार शतकें लोटलीं. राज्यें बदललीं, शहराचें नांवही एकाहून अधिक वेळां बदललें. घरांवर मजले चढले, दुकानांवर विजेच्या पाट्या आल्या. परंतु जुन्या वस्तींतील बहुतेक गल्ल्या अरुंद त्या अरुंदच राहिल्या.

सणासुदीच्या दिवसांत, संध्याकाळच्या सुमारास, अशा गल्लींत एखादी मोटार शिरली म्हणजे काय घडतें, तें गुलमंडीच्या रहिवाशांस सांगावयास नको. हातांत पिशव्या घेतलेल्या बायका दुकानाच्या पायरीवर चढतात, सायकलवाला एक पाय गटाराच्या कांठावर टेकून उभा राहतो, फळांची हातगाडी तिरपी होते, आणि समोरून दुसरी मोटार आली तर दोन्हीकडचे चालक आरसे मिटवून, माना बाहेर काढून, बोटाबोटानें पुढें सरकतात. मोटार किती वेगानें धांवते, हें त्या क्षणीं कोणीच विचारीत नाहीं. ती किती जागा खाते, एवढाच प्रश्न उरतो.

याच जुन्या वस्तींत असेंही एखादें घर आढळतें, कीं ज्याच्या देवडींत किंवा अंगणांत जुनी फियाट गाडी कापडाखालीं झांकून ठेविलेली असते. घरांतील तरुण म्हणतात, ती विकून टाका आणि नवी आटोपशीर गाडी घ्या. वडील माणसें म्हणतात, ती गाडी लोखंडाची आहे; आतांच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे; बोट दाबलें तरी पोंचा पडतो. हा वाद पुष्कळ घरांत पुष्कळ वर्षें चालला आहे, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीनें प्रामाणिक आहेत. त्यांत भावनेचा भाग किती आणि वस्तुस्थितीचा किती, हें निवडून पाहणें अगत्याचें आहे. कारण त्या मोटारींत बसणारीं माणसें घरचींच असतात, आणि तिच्या पुढून चालणारींही शेजारचींच असतात.

जुन्या पक्षाची साक्ष प्रथम ऐकावी. ती मोटार एका अर्थीं महाराष्ट्राचीच म्हटली पाहिजे. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि मुंबईंत कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. आरंभीं तेथें अमेरिकन बनावटीच्या मोटारी जोडल्या जात. पुढें इटलींतील फियाट कंपनीशीं करार झाला, आणि १९५० नंतरच्या दशकांत गोल पाठीची फियाट अकराशें रस्त्यावर आली. तिच्या फुगीर आकारामुळें लोकांनीं तिला 'डुक्कर फियाट' असें म्हणावयास आरंभ केला, आणि तें नांव तिला प्रेमानेंच चिकटलें. १९६४ सालीं तिच्या जागीं चौकोनी बांध्याची 'अकराशें डिलाइट' आली. १९७० नंतरच्या दशकांत हीच गाडी प्रथम 'प्रेसिडेंट' आणि मग चितोडच्या राणीच्या नांवावरून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊं लागली. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत ती त्यानंतरही दिसत असे. नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली, आणि तोही अध्याय पुरा झाला.

त्या काळीं मोटार घेणें म्हणजे बाजारांत जाऊन वस्तु आणणें नव्हे. परवान्यांच्या राज्यांत कारखान्यांस ठरीव संख्येपलीकडे गाड्या काढतां येत नसत. पैसे भरून नांव नोंदवावयाचें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावयाची. एवढ्या प्रतीक्षेनंतर दारांत आलेली मोटार घरच्या माणसासारखी वागविली जाई, यांत नवल तें काय?

माणसासारखाच तिचा स्वभावही ओळखावा लागे. हिवाळ्याच्या सकाळीं चोक ओढून तिला जागी करावी लागे; तो किती ओढावा आणि केव्हां सोडावा, हें हातालाच ठाऊक असे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत भर दुपारीं पेट्रोलची नळींतच वाफ होई आणि गाडी चढावर बसे. मग बोनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवावयाचें आणि झाडाखालीं वाट पाहावयाची. रेडिएटरमधलें पाणी रोज पाहावयाचें, प्लग घासावयाचे, पॉइंट साफ करावयाचे, टॅपेट लावून घ्यावयाचे, हा नित्यनेम होता. १,०८९ सी.सी.चें चार सिलिंडरांचें तें इंजिन सुमारें ४० अश्वशक्ति देई, आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक अवयव बोनेट उघडतांच डोळ्यांना दिसे. पाने, पकड आणि अनुभव एवढ्या भांडवलावर गल्लींतला मिस्त्री ती दुरुस्त करी. मालक शेजारीं उभा राहून शिके. आणि विजेरी धरण्याचें काम घरांतील मुलाकडे असे. माणूस जी वस्तु वापरतो ती कशी चालते हें त्यास ठाऊक असावें, हा गुण लहान नव्हे. त्या मोटारीनें एका संपूर्ण पिढीला यंत्रविद्येचे पहिले धडे दिले.

गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला असल्यामुळें पुढचें आसन सलग बाकासारखें असे. तेथें तिघे, मागें चौघे, मांडीवरचीं मुलें निराळीं, अशी स्वारी पैठणला किंवा वेरुळला निघे. पुढच्या दारावरची त्रिकोणी कांच फिरविली कीं वाऱ्याचा झोत थेट अंगावर येई. शीतयंत्राची उणीव तेवढ्यानें भागे असें नाहीं. परंतु ती भागली असें मानण्याचा रिवाज होता.

आतां नव्या पक्षाकडे वळावें. आजच्या आटोपशीर मोटारींचा नमुना म्हणून टाटा कंपनीची टियागो घेतां येईल. ती २०१६ सालीं बाजारांत आली. तिचें पेट्रोलवरचें इंजिन १,१९९ सी.सी.चें आणि तीन सिलिंडरांचें आहे. म्हणजे पद्मिनीपेक्षां एक सिलिंडर कमी, आणि शक्ति मात्र दुपटीहून अधिक. पद्मिनी लिटरभर पेट्रोलांत सामान्यतः दहा-बारा किलोमीटर जाई. टियागोचा प्रमाणित आंकडा एकोणीस-वीस किलोमीटरांचा आहे, आणि शहरांतील गर्दींत तो बराच खालीं आला तरी जुन्या गाडीच्या पुढेंच राहतो.

हें साधलें कसें, तें समजण्यास कठीण नाहीं. जुन्या गाडीचा कार्बुरेटर हवेच्या ओढीनें पेट्रोल शोषून घेई. ऋतु बदलला, चढ लागला किंवा इंजिन थंड असलें, कीं हवा आणि पेट्रोल यांचें प्रमाण बिघडे. चोक ओढणें म्हणजे तें प्रमाण हातानें सांवरणें. नव्या गाडींत आंत येणारी हवा किती, इंजिन तापलें किती, धुरांत प्राणवायु उरला किती, या साऱ्याचें मोजमाप क्षणोक्षणीं होत असतें, आणि एक लहानसा संगणक त्या हिशेबानें नेमकें तेवढेंच पेट्रोल बारीक छिद्रांतून सोडतो. पूर्वीं जें काम अनुभवी हात करी, तें आतां यंत्रच करतें, आणि अधिक चोख करतें. मात्र तें कसें करतें, हें डोळ्यांना दिसत नाहीं. बोनेट उघडलें तर झांकणाखालीं झांकण. गल्लींतला मिस्त्रीसुद्धां प्रथम आपलें यंत्र गाडीस जोडतो आणि पडद्यावर उमटलेला दोषांक वाचतो. विजेरी धरणाऱ्या मुलास तेथें फारसें काम उरलेलें नाहीं. एवढा तोटा नव्या पक्षानें कबूल केला पाहिजे.

दुसरी गोष्ट मापाची. पद्मिनीची लांबी सुमारें ३.९ मीटर, टियागोची सुमारें ३.७७ मीटर. म्हणजे नवी गाडी जुनीपेक्षां आंखूड आहे, तरीही तिच्यांत पाय ठेवण्यास जागा पुरेशी असते. याचें श्रेय साठ वर्षांहून जुन्या एका कल्पनेस आहे. १९५६ सालीं सुएझ कालव्याचा तंटा उद्भवला, इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई झाली, आणि थोडक्या पेट्रोलांत चालणारी, थोडक्या जागेंत मावणारी मोटार करण्याचें काम ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे आलें. त्यानें इंजिन आडवें बसविलें आणि त्याची शक्ति पुढच्याच चाकांना दिली. पद्मिनीसारख्या गाडींत इंजिन उभें, त्याच्या मागें गिअरपेटी आणि तेथून थेट मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा, अशी रचना असे. तिच्यांत बरीच जागा यंत्रालाच जाई. १९५९ सालीं आलेली इसिगोनिसची 'मिनी' तीन मीटरांहून थोडीशीच लांब होती, तरी चार माणसें तिच्यांत बसत. आज जगांतल्या बहुतेक लहान मोटारी याच आडव्या इंजिनाच्या वाटेनें जातात.

आतां वादाच्या मुळाशीं असलेल्या लोखंडाचा विचार करूं. जुनी गाडी लोखंडाची म्हणून बळकट, आणि नवी पत्र्याची म्हणून दुबळी, हा समज फार दृढ आहे. परंतु तराजू कांहीं निराळेंच सांगतो. पद्मिनीचें वजन नऊशें किलोच्या आसपास भरे. टियागोचें त्याहून थोडें अधिकच भरतें. तेव्हां 'पत्र्याचा डबा' जुन्या लोखंडी गाडीहून हलका नाहीं. फरक लोखंड किती यांत नसून तें कोठें आणि कशासाठीं घातलें यांत आहे.

धांवती गाडी भिंतीवर आदळली, तर तिचा सारा वेग क्षणार्धांत कोठें तरी जिरावा लागतो. नव्या गाडीचें नाक मुद्दाम चुरगळण्यासारखें केलेलें असतें. तें चुरगळतांना धक्का खातें. त्यामागची माणसें बसण्याची जागा मात्र अधिक कठीण पोलादाच्या पिंजऱ्यासारखी असते, ती शक्य तों मोडत नाहीं. जुन्या पिढीच्या गाड्यांत असा भेद नव्हता. बाहेरचा पत्रा जाड असे, पण बसावयाची जागाही नाकासारखीच दबे, आणि सुकाणूचा न मुडपणारा दांडा चालकाच्या छातीसमोर भाल्यासारखा रोखलेला असे. बोट दाबून पडणारा पोंचा गाडीच्या कातडीची परीक्षा करतो, हाडांची नव्हे.

हें केवळ तर्कानें सांगितलें असें कोणास वाटूं नये. २००९ सालीं अमेरिकेंतील वाहन-विमा कंपन्यांच्या संशोधन-संस्थेनें एक प्रयोग केला. १९५९ सालची, प्रशस्त, भक्कम दिसणारी शेव्हरोले बेल एअर आणि २००९ सालची मध्यम आकाराची शेव्हरोले मॅलिबू या दोन गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें समोरासमोर एकमेकींवर आदळविल्या. जुन्या गाडींत चालकाची जागाच चेमटली. खरा माणूस तेथें असता तर वांचता ना. नव्या गाडीच्या चालकास पायाच्या दुखापतीपलीकडे फारसें कांहीं झालें नसतें, असें त्या प्रयोगांतील पुतळ्यावरून दिसून आलें. पन्नास वर्षांत काय बदललें, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणें कठीण आहे.

तथापि नवी गाडी म्हणजे आपोआप सुरक्षित, असेंही मानूं नये. २०१४ सालीं 'ग्लोबल एन्‌कॅप' या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान मोटारी धडकवून पाहिल्या, तेव्हां एअरबॅग नसलेल्या त्या पांचही गाड्यांस मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठीं एकही तारा मिळाला नाहीं. त्यानंतर परिस्थिति पालटत गेली. २०१९ च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींस चाक न अडकूं देणारी ब्रेकची योजना सक्तीची झाली, त्याच वर्षीं जुलैपासून चालकासाठीं एअरबॅग, आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या आसनासाठींही. टियागोस २०२० सालीं त्याच संस्थेच्या कसोटींत पांचांपैकीं चार तारे मिळाले. पद्मिनीच्या चारही चाकांना जुन्या धर्तीचे ड्रमचे ब्रेक, पट्टे नाहींत, पिशव्या नाहींत. मांडीवर बसलेलीं मुलें धक्क्याच्या वेळीं कोठें जात, हा विचार त्या काळीं कोणाच्या मनांतच आला नाहीं. वेरुळच्या त्या आनंदी स्वारीचा हा दुसरा चेहरा आहे, आणि तो पाहणें प्रिय नसलें तरी पाहिला पाहिजे.

धुराच्या बाबतींतही निकाल नव्या पक्षाकडेच जातो. पद्मिनीची रचना शिसें मिसळलेल्या पेट्रोलच्या काळांतली. तें पेट्रोल भारतांत २००० सालीं बंद झालें. २०२० च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना 'भारत सहा' या कडक मर्यादा पाळाव्या लागतात. अरुंद गल्लींत धूर उडून जाण्यास जागा नसते. दिवसभर दुकानाच्या फळीवर बसणाऱ्या माणसास हा फरक श्वासागणिक भोगावयाचा असतो.

येथवर पाहिलें तर वाद संपल्यासारखा वाटेल. परंतु गुलमंडीचा चौक अजून साक्षीस यावयाचा आहे, आणि त्याची साक्ष रुंदीविषयीं आहे.

पद्मिनीची रुंदी १.४६ मीटर होती. टियागोची सुमारें १.६८ मीटर आहे. एका गाडीमागें फरक २२ सेंटिमीटरांचा. दोन पद्मिनी जेथें एकमेकींस वाट देत, तेथें दोन टियागोंस ४४ सेंटिमीटर जागा अधिक लागते. एका प्रौढ माणसाच्या खांद्यांची रुंदी साधारण तेवढीच असते. म्हणजे पूर्वीं दोन मोटारी आणि त्यांच्या कडेनें चालणारा एक माणूस ज्या गल्लींत मावत, तेथें आतां दोन मोटारी मावतात. माणूस पायरीवर चढतो. लहान म्हणूनच विकल्या जाणाऱ्या पण उंच, भारदस्त बांध्याच्या गाड्यांचें माप याहून पुढें आहे. रांजणगांवच्या कारखान्यांत तयार होणारी नेक्सन चार मीटरांच्या आंत बसते, पण सुमारें १.८ मीटर रुंद आहे. तशा दोन गाड्या समोरासमोर आल्या, कीं पद्मिनीच्या काळापेक्षां ६८ सेंटिमीटर अधिक जातात. तेवढ्या जागेंतून एक आई आणि तिचें बोट धरलेलें मूल सहज चाललें असतें.

ही रुंदी उगीच वाढली असें नव्हे. बाजूनें बसणारा धक्का सोसण्यासाठीं नव्या दारांत पोलादी तुळया असतात. दारें जाड असतात. बसणाऱ्याचा खांदा आणि दार यांत थोडें अंतर राखावें लागतें. फियाट कंपनीचेंच उदाहरण पाहिलें तर १९५७ सालची इटालियन 'फियाट पांचशें' १.३२ मीटर रुंद होती; तेंच नांव घेऊन २००७ सालीं आलेली नवी गाडी १.६३ मीटर रुंद आहे. म्हणजे वाढीचा कांहीं भाग हा आंतल्या माणसाच्या रक्षणाचा मोबदला आहे. अडचण एवढीच, कीं तो मोबदला बाहेरचा माणूस देतो.

कांहीं भाग मात्र रक्षणाचा नसून कायद्याच्या पट्टीचा आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पांत लहान मोटारींवरचें उत्पादनशुल्क उतरलें, आणि लहान कोणती याची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरांहून अधिक नसावी, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १,२०० व डिझेलचें असल्यास १,५०० सी.सी.हून मोठें नसावें. वस्तु व सेवा कर आला तरी ही पट्टी टिकली. २०२५ च्या सप्टेंबरांत अशा गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. या पट्टींत लांबी आहे, इंजिन आहे, रुंदी नाहीं. कारखान्यांनीं साहजिकच लांबी चार मीटरांच्या आंत आवरली आणि गाडी आडवी व उभी वाढूं दिली. कर ज्या बाजूनें मोजला जातो, त्याच बाजूनें माणूस आटोपशीर होतो.

जपाननें निराळा मार्ग धरला. तेथें 'केइ' नांवाचा लहान मोटारींचा वर्ग आहे. त्यास करांत सवलत मिळते, आणि त्याची व्याख्या तिन्ही बाजूंनीं केलेली आहे: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, यांहून मोठी गाडी त्या वर्गांत बसत नाहीं. इंजिनाची मर्यादा ६६० सी.सी. आहे. जपानी शहरांतील जुन्या गल्ल्याही अरुंद आहेत. कायद्यानें गल्लीचें माप घेऊन गाडीचें माप ठरविलें असें म्हणावयास हरकत नाहीं. आपली जुनी पद्मिनी लांबीनें त्या वर्गांत बसली नसती, पण रुंदीनें खुशाल बसली असती.

अरुंद गाडी करणें आपल्याकडे अशक्य आहे असेंही नाहीं. संभाजीनगर हें स्वतःच वाहनें घडविणारें शहर आहे. एका बाजूस शेंद्रा येथें २००१ सालापासून स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. दुसऱ्या बाजूस वाळूज येथें १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच वाळूजच्या कारखान्यानें 'क्यूट' नांवाचें चारचाकी वाहन काढलें. त्याची रुंदी १.३१ मीटर, इंजिन अवघें २१६ सी.सी.चें, आणि कमाल वेग ताशीं सुमारें ७० किलोमीटर. गुलमंडीच्या मापास तें चपखल बसतें. परंतु २०१६ सालच्या युरोपीय सुरक्षा-कसोटींत त्यास एकच तारा मिळाला, आणि कायद्यानेंही तें मोटार या वर्गांत धरलें जात नाहीं. तेव्हां नुसतें अरुंद असणें पुरेसें नाहीं. २०२३ सालीं एम. जी. कंपनीची 'कॉमेट' ही विजेवर चालणारी, चार माणसांची गाडी आली, ती १.५ मीटरच रुंद आहे, आणि तिच्यांत एअरबॅग व नव्या धर्तीचे ब्रेक दोन्ही आहेत. मनांत आणलें तर दोन्ही गुण एकत्र आणतां येतात, एवढें त्यावरून दिसतें.

या साऱ्याचें महत्त्व एका आंकड्यानें ध्यानांत येईल. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं सुमारें एक पंचमांश पायीं चालणारीं होतीं. तीं कोणत्याही मोटारींत नव्हतीं. कोणताही पट्टा, कोणतीही पिशवी त्यांच्या उपयोगाची नव्हती. त्यांचें रक्षण दोनच गोष्टी करूं शकतात: वेळेवर लागणारा ब्रेक आणि चालण्यास मोकळी जागा. पहिली गोष्ट नव्या गाडीनें दिली आहे. दुसरी तिनें थोडी थोडी करून घेतली आहे.

तेव्हां देवडींतल्या त्या फियाटीचें काय करावें? ती मोडींत घालावी असें कोणी म्हणणार नाहीं. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारींसाठीं सरकारनें २०२१ सालीं नोंदणीची स्वतंत्र सोय केली आहे. रोजच्या वापरासाठीं मात्र ती नाहीं, आणि हें योग्यच आहे. सणावारीं ती बाहेर काढावी, गल्लीच्या टोंकापर्यंत सावकाश फिरवावी, तिचें बोनेट उघडून नातवंडांस इंजिन कसें चालतें तें दाखवावें. जें ज्ञान नव्या गाडीच्या झांकणाखालीं दडलें आहे, तें शिकविण्यास तिच्यासारखी पाठशाळा नाहीं. परंतु जालन्याच्या किंवा नगरच्या हमरस्त्यावर, ट्रकांच्या गर्दींत, मुलाबाळांना घेऊन जावयाचें असेल, तर वडील माणसांनीं लोखंडाचा अभिमान बाजूस ठेवावा आणि नव्या गाडीचा पट्टा लावून बसावें. मागच्या आसनावरच्यांनींही लावावा.

तरुणांनींही एक गोष्ट करावी. नवी गाडी पसंत करतांना दुकानदार पडद्याचा आकार, छताची कांच आणि चाकांची चकाकी दाखवितो. त्यास सुरक्षेचे तारे किती, आणि आरसे उघडे असतांना रुंदी किती, हे दोन प्रश्न प्रथम विचारावे. घरांतून निघण्यापूर्वीं आपल्या गल्लीची रुंदी दोरीनें मोजून न्यावी. ज्या गिऱ्हाइकास रुंदीची पर्वा नाहीं, त्याच्यासाठीं कारखाना ती कशास आंवरील? आणि गिऱ्हाइकांनीं विचारावयास आरंभ केला, तर कर ठरविणारांसही केव्हां तरी आपल्या पट्टीस दुसरी बाजू जोडावी लागेल.

आणि गुलमंडींत खरेदीस जावयाचें असेल, तर गाडी कोणतीही असो, ती पेठेबाहेर उभी करून पायीं जावें. २०१० सालीं याच शहरांतील व्यापारी-उद्योजकांनीं एकत्र येऊन दीडशें मर्सिडीज मोटारी घेतल्या, आणि त्याची वार्ता देशभर झाली. परंतु रंगार गल्लींत बांगड्या घ्यावयाच्या तर त्या मोटारींच्या धन्यांसही इतरांसारखें पायींच शिरावें लागतें. तेथें थोर आणि लहान असा भेद गल्लीच करूं देत नाहीं. बायकांना पायरीवर चढावें लागलें नाहीं, सायकलवाल्यास गटाराच्या कांठावर पाय टेकावा लागला नाहीं, आणि आईचें बोट धरलेलें मूल रस्त्याच्या मधून निर्धास्त चाललें, तर त्या संध्याकाळीं गुलमंडींत कोणती मोटार लहान, हा वाद घालण्याचें कारणच उरणार नाहीं.